दीडशे एएचचा भ्रम

कॅम्परमध्ये फ्रिज बसवायचा ठरला की पहिला सल्ला ठरलेला असतो: “दीडशे एएचची ट्यूब्युलर टाका आणि निश्चिंत राहा.” राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. गाडीतच मुक्काम करत तुळजापूर, नळदुर्ग, तेर, परंडा, येडशीचे रामलिंग असा धाराशिव जिल्हा पालथा घालायचा बेत आता कुणाला वेडेपणा वाटत नाही. त्या बेतात दूध, भाजी, औषधे आणि भूमचा खवा टिकवायला फ्रिज हवा, हेही मान्य. सल्ला देणारा माणूस अडाणी नसतो आणि फसवतही नसतो. तो पाठीशी हिशेबही देतो. बारा व्होल्ट गुणिले दीडशे अँपिअर-अवर म्हणजे १८०० वॅट-अवर. फ्रिजवर ४५ वॅट लिहिलेले आहेत. भागाकार केला की चाळीस तास येतात. दोन रात्री आरामात निघतील, आणि जास्त दिवस राहायचे असेल तर आणखी एक बॅटरी जोडायची. हा हिशेब इतका सरळ दिसतो की त्याच्यावर शंका घेणेच अवघड जाते. तरीही तो चुकीचा आहे, आणि भागाकारात एखादा आकडा इकडेतिकडे झाल्यामुळे नव्हे. जो आकडा सगळ्यात शेवटी काढायचा, तो या हिशेबात सगळ्यात आधी काढला जातो. फ्रिज दिवसाला किती वीज खाणार आणि ती वीज दिवसाला कुठून परत येणार, हे दोन आकडे हाती आल्याशिवाय बॅटरी किती मोठी घ्यावी या प्रश्नाला उत्तरच नसते.

आधी तो भागाकार तपासू. ४५ वॅट हा आकडा कॉम्प्रेसर चालू असतानाचा आहे. कॉम्प्रेसर चोवीस तास चालत नाही. आतले तापमान खाली आले की बंद होतो, वाढले की पुन्हा सुरू होतो. थंडीच्या दिवसांत चाळीस लिटरचा चांगला फ्रिज दिवसातला जेमतेम पाव वेळ चालतो, म्हणजे साधारण २७० वॅट-अवर. मे महिन्यात बाहेर ४१-४२ अंश असताना, पत्र्याची गाडी दुपारी बंद ठेवली तर तोच फ्रिज निम्म्याहून जास्त वेळ धावतो आणि खर्च ६०० वॅट-अवरच्या घरात जातो. सल्ल्यातला हिशेब फ्रिज अखंड चालतो असे धरतो, म्हणजे खर्च जास्त धरतो. त्याच वेळी बॅटरीत कागदावर दिसणारी सगळी वीज हाती येते असेही धरतो, म्हणजे जमा जास्त धरतो. ट्यूब्युलर ही शिशाचीच बॅटरी, आणि ती रोज तळापर्यंत उपसली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून शहाणा माणूस तिच्यातली निम्मीच वीज वापरायची धरतो: १८०० पैकी ९००. दोन्ही चुका परस्परविरुद्ध दिशेने असल्यामुळे एकमेकींना झाकतात आणि डिसेंबरच्या सहलीत हिशेब बरोबर आल्यासारखा वाटतो. नेमके मे महिन्यात, फ्रिजची खरी गरज असते तेव्हा, तो उघडा पडतो.

त्यात आपल्याकडे बहुतेकांच्या मनात असतो तो घरातला १८०-१९० लिटरचा फ्रिज. तो स्वस्त पडतो, कुठेही मिळतो आणि बिघडला तर तालुक्याच्या गावी दुरुस्तही होतो. त्याच्या स्टार लेबलवर वर्षाला १५० युनिट लिहिले असतील तर दिवसाला साधारण ४१० वॅट-अवर झाले. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतला. तापलेल्या गाडीत त्याचे पावणेसहाशे झाले तरी नवल नाही. हा फ्रिज २३० व्होल्टवर चालतो, म्हणून मध्ये इन्व्हर्टर आला. इन्व्हर्टरमध्ये पंधरा टक्के वीज वाया जाते असे धरले तर पावणेसहाशेचे पावणेसातशे होतात. पण मोठी गळती इथेही नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद असला तरी इन्व्हर्टर जागाच असतो, आणि जागे राहण्यासाठी तो तासाला १५ वॅट-अवर घेत असेल तर दिवसाचे ३६० झाले. कुणाचे दूध थंड न करता खर्च झालेली ही वीज आहे. सगळी बेरीज मे महिन्यात दिवसाला १०००च्या पुढे जाते. दीडशे एएचच्या शिशाच्या बॅटरीतली वापरण्याजोगी वीज ९००. म्हणजे कागदावरच्या चाळीस तासांतून प्रत्यक्षात एक पूर्ण दिवसही निघत नाही.

इथे ट्यूब्युलरचा कैवारी म्हणेल की निम्मीच वीज वापरायची ही अट साध्या गाडीच्या बॅटरीची. ट्यूब्युलर खोल उपशासाठीच बनवलेली असते आणि कंपन्या ८० टक्क्यांपर्यंतच्या उपशाचे आकडे देतात. हे खरे आहे, आणि वादासाठी मी ते पूर्ण मान्य करतो. ८० टक्क्यांनी १४४० वॅट-अवर होतात, म्हणजे एकाऐवजी जवळपास दीड दिवस. पण त्या आकड्यांमागे बॅटरीचे तापमान २७ अंश आणि प्रत्येक उपशानंतर पूर्ण चार्ज ही परिस्थिती गृहीत असते. मे महिन्यात धाराशिवला उभ्या असलेल्या गाडीत २७ अंश कुठून आणणार? शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. आणि दुसरी अट, पूर्ण चार्जची, तर त्याहून कठीण. खरा वाद तिथेच आहे.

सौर पॅनलचा हिशेब मांडू. छतावर २०० वॅटचे पॅनल सपाट बसवलेले आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पाच-सव्वापाच तासांचे भरघोस ऊन मिळते. पण पॅनल तापले की त्याची क्षमता उतरते, धूळ बसते आणि सपाट असल्याने सकाळ-संध्याकाळचे ऊन निसटते. या सगळ्याची तीस टक्के तूट धरली तर दिवसाला ७०० ते ७५० वॅट-अवर हाती पडतात. घरच्या फ्रिजसाठी बॅटरीतून रोज १००० वर गेले, आणि शिशाची बॅटरी भरताना पंधरा-वीस टक्के वाया जातात, म्हणजे भरपाईसाठी रोज सव्वाबाराशे हवेत. रोज सुमारे ५०० ची खोट. आता दुसरी दीडशे एएच जोडा. तिने आणखी ९०० आणले, खोट मात्र ५०० च राहिली. अंधार होणार होता तो दोन दिवसांनी होईल, एवढाच फरक. तिसरी जोडली तर आणखी दोन दिवसांनी. बॅटरी हा हौद आहे, झरा नव्हे. झरा आटलेला असताना हौद वाढवून तहान भागत नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय शिशाच्या बाबतीत खोट नुसती खोट राहत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसामागून दिवस राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते. भरायला पुरेशी वीज नसताना घेतलेली मोठी बॅटरी लहान बॅटरीपेक्षा जास्त काळ अर्धपोटी राहते, म्हणजे ती मारण्याचीच सोय होते.

मग हा सल्ला इतका रुजला कसा? कारण तो घरी खरा ठरला आहे. भारनियमनाच्या वर्षांत या जिल्ह्यातल्या घरांनी, दुकानांनी आणि दवाखान्यांनी दीडशे एएचच्या ट्यूब्युलरवर दिवस काढले आणि ती त्या कसोटीला उतरली. तिथे काम काय होते? वीज काही तास जायची, बॅटरीवर पंखे-दिवे चालायचे, वीज परत आली की बॅटरी रात्रभर भरली जायची. ती शंभर टक्के भरायची, कारण तिच्यामागे महावितरणची अख्खी लाइन उभी होती. शिशाच्या बॅटरीला शेवटचे वीस टक्के भरायला कितीतरी तास लागतात. घरी ते तास मिळतात. गाडीत बॅटरीमागे छतावरचे एक पॅनल असते आणि सूर्य संध्याकाळी मावळतो. त्यामुळे ट्यूब्युलरची अब्रू जिथे कमावलेली आहे तिथे ती शाबूत राहो. आक्षेप आहे तो ती अब्रू न तपासता गाडीत चढवण्यावर. तिच्यासोबत आम्लाने भरलेले पन्नास किलोहून अधिक वजन चढते, आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन बाहेर जायची वाट नसेल तर तो माणसे झोपतात त्याच बंद खोलीत साचतो. घराच्या व्हरांड्यात हे प्रश्नच आले नव्हते.

वीज साठवण्याऐवजी तिने केलेले काम साठवावे, हा विचार आपल्या आसपास आधीच रुजलेला आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले पंप शिवारात दिसतात. त्यांना बॅटरी नसते. ऊन असते तेव्हा पाणी वर येते, ते शेततळ्यात किंवा टाकीत थांबते आणि लागेल तेव्हा पिकाला दिले जाते. लसींच्या साखळीचा धडा तर आपल्या विषयाला आणखी जवळचा आहे. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बर्फाचे अस्तर असलेले फ्रिज असतात. वीज गेली की तो बर्फ तासन् तास तापमान धरून ठेवतो. जगभर जिथे वीजच नव्हती तिथे १९८० च्या दशकापासून सौर फ्रिज बॅटरीवर चालवून पाहिले गेले, आणि त्यांच्या बंद पडण्याचे मोठे कारण बॅटरीच ठरली. पुढे बॅटरी वगळून पॅनल थेट कॉम्प्रेसरला जोडणारे आणि थंडावा बर्फात साठवणारे फ्रिज आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा फ्रिजने ऊन नसताना किमान तीन दिवस तापमान सांभाळावे लागते, आणि उष्ण प्रदेशासाठीची चाचणी ४३ अंशांवर होते. एका कुप्पीवर बाळाचे आरोग्य अवलंबून असते तिथे तज्ज्ञांनी बॅटरी वाढवत नेली नाही. त्यांनी पेटीचे अस्तर जाड केले आणि बर्फ वाढवला.

कॅम्परला हेच लागू करायचे तर क्रम असा: आधी खर्च कमी, मग भरपाईची सोय, शेवटी बॅटरी. खर्च कमी करण्याची पहिली पायरी म्हणजे इन्व्हर्टर काढून टाकणे. बारा व्होल्टवर थेट चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा चाळीस-पन्नास लिटरचा फ्रिज घेतला की ते ३६० वॅट-अवर एका फटक्यात वाचतात. स्वस्तात मिळणाऱ्या थर्मोइलेक्ट्रिक पेटीच्या वाटेला मात्र जाऊ नये. ती बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जाते, म्हणजे ४२ अंशांत आत बावीस-सत्तावीस, आणि तेवढ्यासाठी अखंड वीज ओढते. दुसरी पायरी फ्रिज कुठे आणि कसा बसवतो याची. त्याच्या मागच्या जाळीची उष्णता बाहेर पडायला वाट नसेल तर तो स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकतो. वायरचेही तसेच. बॅटरीपासून चार मीटरवर फ्रिज आहे आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढली आहे, तर जाऊन-येऊन आठ मीटर तांब्यात सहा अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त दाब वाटेतच पडतो. फ्रिजला वाटते बॅटरी संपली, तो आपोआप बंद होतो, आणि गाडीमालक दुसरी बॅटरी आणायला निघतो. तिथे दोष वायरचा होता. सहा चौरस मिलिमीटरच्या वायरने तो मिटला असता.

तिसरी पायरी वापराची, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. उन्हात तापून ४० अंशांवर गेलेले सहा लिटर पाणी फ्रिजमध्ये ५ अंशांवर आणायचे तर त्यातून सुमारे २४५ वॅट-अवर इतकी उष्णता बाहेर काढावी लागते. लहान कॉम्प्रेसर त्यासाठी पावणेदोनशे-दोनशे वॅट-अवर वीज घेईल. आपल्या पॅनलची ही भर उन्हातली तास-दीड तासाची कमाई आहे. हेच पाणी दुपारी बारा वाजता ठेवले तर बॅटरीला हातही लागत नाही. रात्री आठ वाजता ठेवले तर सगळा भार तिच्यावर येतो. निघण्यापूर्वी घरच्या विजेवर फ्रिज आणि आतले सामान थंड करून घेणे, दुपारी तापमान खाली उतरवून फ्रीझरच्या कप्प्यातल्या बर्फाच्या पिशव्या गोठवणे आणि रात्री ते वर आणणे, ही लसींच्या फ्रिजचीच युक्ती झाली. तिला पैसे पडत नाहीत.

आता बॅटरी. बारा व्होल्टच्या फ्रिजचा मे महिन्यातला खर्च दिवसाला ६०० धरला. शंभर एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-अवरची. ८० टक्के वापरली तर हजाराच्या थोडे वर. एका थेंबाचीही भर पडली नाही तरी दीड दिवसाहून जास्त चालेल. भरताना पाचेक टक्केच वाया जातात, म्हणून रोजची भरपाई ६३० ची, आणि पॅनल देते ७०० च्या वर. हा हिशेब जमेत राहतो. पावसाळ्याची भीती घालणाऱ्यांनी आपल्या हवेकडे नीट पाहावे. मराठवाड्यात सगळ्यात कडक ऊन आणि सगळ्यात जास्त उकाडा एकाच महिन्यात येतात. ढग येतात तेव्हा उकाडाही उतरतो. जुलैत फ्रिजचा खर्च साडेचारशेच्या आसपास येतो. सलग झाकोळलेल्या दिवसांत पॅनलने दोनशेच दिले तरी रोजची खोट अडीचशेची. हजाराच्या साठ्यावर असे चार दिवस निघतात. आणि ही बॅटरी साधारण बारा किलोची असते.

लिथियम महाग आहे हा आक्षेप खरा आहे, आणि तो एका बॅटरीला एक बॅटरी लावून पाहिला तर निर्णायकही वाटतो. पण तुलना त्या पातळीवर करायची नसते. एका पारड्यात शंभर एएच लिथियम, दुसऱ्यात दोन ट्यूब्युलर, इन्व्हर्टर, वाढीव पॅनल आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी पुन्हा येणारा बॅटरीचा खर्च ठेवला की अंतर बरेच कमी होते. बारा व्होल्टचा फ्रिज घरच्या फ्रिजपेक्षा महाग पडतो हेही मी नाकारत नाही. पण ते पैसे फ्रिजमध्ये घातले नाहीत तर बॅटरीत घालावे लागतात, आणि बॅटरी झिजते. ज्यांची गाडी मोठी आहे, छतावर सहाशे वॅटची पॅनल बसतात आणि कुटुंब मोठे आहे, त्यांनी घरचा फ्रिज जरूर चालवावा. त्यांचा झरा मोठा आहे. आगीची भीतीही घातली जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीपेक्षा बराच स्थिर असतो, पण उष्णता त्यालाही मानवत नाही आणि फार तापल्यास त्याचे संरक्षक सर्किट चार्जिंग थांबवते. म्हणून ती छताजवळ किंवा इंजिनाशेजारी न ठेवता खाली, आसनाखाली, हवा खेळेल अशा जागी बसवावी.

“इंजिन चालतेच की, त्यावर बॅटरी भरेल,” हा आक्षेप पुण्याहून तुळजापूरला येतानाच्या दिवसापुरता बरोबर आहे. तीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर असेल तर तासाला जवळपास ४०० वॅट-अवर मिळतात आणि तीन तासांच्या आत ८० टक्के उपसलेली लिथियम बॅटरी भरते. पण इथे पोहोचल्यावर अंतरे लहान होतात. धाराशिव ते तुळजापूर अर्ध्या तासाचा रस्ता, तुळजापूर ते नळदुर्ग त्याहून थोडा जास्त. एवढ्या वेळात दोन-तीनशे वॅट-अवर मिळतात. लिथियमच्या बाबतीत ती मोलाची भर ठरते. शिशाची बॅटरी त्यातले निम्म्याहून थोडे अधिकच घेऊ शकते, कारण ती हळूहळूच भरून घेते. म्हणजे जिल्ह्यात फिरणाऱ्याने इंजिनाला पूरक मानावे, आधार मानू नये. ज्यांचा मुक्काम रोज वीज देणाऱ्या जागी आहे त्यांचा प्रश्न आणखी सोपा: त्यांना एका रात्रीपुरतीच बॅटरी हवी, दीडशे एएच तर मुळीच नको.

सगळ्यात गंभीर आक्षेप औषधांचा आहे. सोबत इन्सुलिन असेल तर काटकसरीचा हिशेब कशाला, दुप्पट साठा घेतलेला बरा, असे कुणीही म्हणेल. पण दुप्पट बॅटरी वायर तुटल्यावर, फ्यूज उडाल्यावर किंवा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर उपयोगी पडत नाही. ती एकाच प्रकारच्या संकटावर उतारा आहे. खरी सुरक्षितता वेगळ्या वाटेने येणाऱ्या थंडाव्यात असते: फ्रिजमधल्या गोठलेल्या जेलच्या पिशव्या आणि एक चांगला थर्मास. इन्सुलिनला मात्र बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वापरायचे नसते. आतल्या तापमानाची नोंद ठेवणारा साधा थर्मामीटरही हवाच. फ्रिज चालू आहे एवढ्यावर औषध सुरक्षित ठरत नाही.

तेव्हा बॅटरी विकत घेण्याआधी मोजणी करावी. फ्रिज गाडीत बसवून, नेहमीसारखा भरून, एप्रिल-मे मधल्या तापलेल्या दिवशी चोवीस तास चालवावा आणि मध्ये जोडलेल्या वॅटमीटरवर आकडा पाहावा. त्याच दिवशी पॅनलने किती दिले तेही वाचावे. दिले कमी आणि घेतले जास्त असेल तर बॅटरीच्या दुकानात जाऊ नये. आधी फ्रिज, जाळीमागची हवा, वायर आणि पॅनल यांच्याकडे वळावे. दिले जास्त असेल तर त्या दिवसाच्या खर्चाच्या दीड ते दोन पट वापरण्याजोगी वीज साठेल एवढी बॅटरी घ्यावी आणि तिथेच थांबावे. दुकानदाराने दीडशे एएच सुचवलेच, तर त्याला एकच विचारावे: ही रोज भरणार कशावर?